कुत्रा येण्याआधी पोलिसांना काय माहीत होतं?

मिनियापोलिसजवळ राहणाऱ्या, ग्रीन कार्डवर असलेल्या एका वाचकाने लिहिलं आहे. त्यांच्या नावावरच्या स्टोरेज युनिटची (सामान ठेवायच्या भाड्याच्या खोलीची) किल्ली त्यांनी ओळखीच्या एका मुलाला दिली होती. मॅनेजरने पोलिसांना आत सोडलं, अमली पदार्थांचा वास ओळखणारा पोलिसांचा कुत्रा त्यांच्या शटरपाशी येऊन बसला, त्यावर वॉरंट निघालं आणि आत मेथच्या (मेथॅम्फेटामिन या अमली पदार्थाच्या) पुड्या सापडल्या. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करा, प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी अटींवर, देखरेखीखाली) सुटाल. 'वॉरंट होतं म्हटल्यावर आता भांडायला काय उरलं?' असं ते विचारतात. अशी पत्रं मला वरचेवर येतात.

भांडायला बरंच उरलंय. कबुली दिलीत तर मात्र काहीच उरणार नाही.

मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली कार्टर खटल्यात ठरवलं की स्टोरेज युनिटबाहेर कुत्र्याला हुंगायला लावणं हीच मिनेसोटाच्या स्वतःच्या राज्यघटनेनुसार झडती आहे. त्यासाठी वॉरंट लागत नाही, पण कुत्रा आणण्याआधीच पोलिसांकडे ठोस कारणांचा संशय हवा. मॅनेजरची परवानगी पोलिसांना कॉरिडॉरपर्यंत नेते. या संशयाची जागा ती घेत नाही. पेनसिल्व्हेनियातही 1987 पासून साधारण असंच आहे. बाकी बऱ्याच राज्यांत नाही, तेव्हा तिकडच्या मित्रांचे सल्ले ऐकू नका.

म्हणून वॉरंटसाठी पोलिसांनी दिलेलं शपथपत्र आजच मागवा. अटकेला दोन महिने झाले आणि तुम्ही ते अजून पाहिलेलंही नाही, याला काय म्हणावं? पेन्सिल घेऊन कुत्र्याबद्दलची वाक्यं खोडा. वर काय उरतं? रात्री-अपरात्री होणारी ये-जा कुणी स्वतः पाहिली होती का, की निनावी फोन आणि 'संशयास्पद हालचाली' एवढंच? कुत्र्याआधीचा मजकूर पोकळ असेल तर हुंगणं बेकायदा, आणि उरलेल्या मजकुरावर वॉरंट टिकत नसेल तर पुड्याही पुराव्यातून बाद व्हायला हव्यात. न्यायाधीश काय ठरवतील हे शपथपत्र न वाचता मी सांगणार नाही. कुत्र्याच्या प्रशिक्षणाच्या नोंदीही मागा. उपयोग होईलच असं नाही.

पुरावा वगळण्याचा लेखी अर्ज ऑम्निबस सुनावणीआधी (खटल्यापूर्वी अशा हरकतींवर होणाऱ्या सुनावणीआधी), मुदतीत दाखल व्हायला हवा. साधी कबुली दिली की हा मुद्दा अपिलातही हातचा जातो. अर्ज फेटाळला गेला तरी, सरकारी पक्ष तयार असेल तर, मान्य केलेल्या पुराव्यावर खटला चालवून मुद्दा अपिलासाठी जिवंत ठेवता येतो. तुमच्या वकिलांना हा मार्ग माहीत असणारच. त्यांनी तुम्हाला तो का सांगितला नाही, ते विचारा.

किल्ली त्या मुलाकडे होती, हा बचाव वेगळा. तो कितपत चालेल हे त्या मुलाच्या जबाबावर अवलंबून आहे. त्याला फोन, मेसेज काहीही करू नका.

आणि 'प्रोबेशनवर सुटाल' हे वाक्य मला सर्वात जास्त सलतं. कबुली देऊन थोडीही अट स्वीकारलीत, तर राज्याच्या कोर्टाने दोषसिद्धी नोंदवली नाही तरी इमिग्रेशन कायदा तिला दोषसिद्धीच मानतो. अमली पदार्थांत हद्दपारीतून सूट आहे ती स्वतःसाठी बाळगलेल्या 30 ग्रॅमपर्यंतच्या गांजाच्या एकाच गुन्ह्याला; मेथला नाही. कबुलीने देशाबाहेर जावं लागेल का, हे सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली पडिया खटल्यात बजावलं आहे. तुमच्या वकिलांकडून ते लेखी घ्या आणि इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. तोवर कुठेही सही करू नका.