बी.कॉम. करताना अकाउंट्सच्या करिअरची तयारी कशी करावी?

तू विचारलंयस ते असं: निफाडहून रोज अप-डाऊन करून नाशिकला एफ.वाय.बी.कॉम. करतेयस, घरी कांदा आणि द्राक्षं आहेत, अकाउंट्समध्येच करिअर करायचंय. सी.ए. झेपेल की नाही याची धास्ती वाटते आणि घरचे म्हणतात, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) शीक आणि नोकरीला लाग. मग या तीन वर्षांत नेमकं काय करायचं?

मी सिन्नरची. मीही अशीच एस.टी.ने येऊन कॉलेज रोडला बी.कॉम. केलं. आता अंबड एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्याचं अकाउंट्स आणि कॉस्टिंग (माल बनवायला किती खर्च येतो त्याचा हिशेब) बघते. माझ्या भाचीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

पहिली गोष्ट, क्लास लावण्याच्याही आधीची. तुझ्या घरात अकाउंट्सचं सामान पडलेलं आहे, ते बाहेर काढ. लासलगावला नाहीतर पिंपळगावला कांदा विकल्यावर वडील हिशेबपट्टी आणतात ना, ती घे. समज, वजन २० क्विंटल ४० किलो, भाव १,४५० रुपये. झाले २९,५८०. त्याखाली हमाली, तोलाई, वाराई असे मिळून ३५० कापलेत आणि हातात आले २९,२३०. आता याची जर्नल एन्ट्री, म्हणजे नावे-जमेची नोंद, कर. बहुतेक मुलं हातात आले तेवढेच पैसे विक्रीला जमा करतात आणि पुढे जातात. विक्री २९,५८० चीच झाली. ती पूर्ण जमा व्हायला हवी, ३५० खर्चाला नावे पडायला हवेत आणि २९,२३० बँकेला. पैसे त्या दिवशी मिळालेच नसतील तर ते व्यापाऱ्याच्या नावे, म्हणजे तो तुझा डेटर, तुझं देणं लागणारा. निव्वळ रकमेची एन्ट्री केलीस तर वर्षभरात हमाली-तोलाईत किती गेले हे वहीत कुठेच दिसणार नाही.

द्राक्षाचंही तसंच. बागेत येऊन माल उचलणारा व्यापारी पैसे न देता गायब झाला की घराचं काय होतं, हे निफाड-दिंडोरीकडच्या पोरीला मी सांगायची गरज नाही. पुस्तकात त्याच्यावर 'बॅड डेट्स' (बुडालेली येणी) नावाचं दोन पानी प्रकरण आहे. ते वाचताना तो माणूस आणि त्याने दिलेली ती चिठ्ठी डोळ्यांसमोर आण. मग प्रोव्हिजन, म्हणजे बुडीतासाठीची तरतूद, आधीच का करून ठेवतात हे पाठ करावं लागणार नाही. प्रत्येक आकड्यामागे एक कागद असतो आणि कागदामागे एक व्यवहार. हे एकदा दिसायला लागलं की या विषयाची भीती जाते. मला ते दिसायला फार उशीर लागला, म्हणून इतकं लिहितेय.

टी.वाय. झाल्यावर मी एका सी.ए.च्या ऑफिसात लागले. विद्यापीठाच्या परीक्षेत अकाउंट्सला चांगले मार्क होते, त्यामुळे सगळं येतं अशीच समजूत होती. बँक रिकन्सिलिएशन दिलं, म्हणजे आमची वही बँकेच्या हिशेबाशी जुळवायचं काम. आमच्या वहीतली शिल्लक बँकेपेक्षा १,८०० रुपयांनी कमी येत होती. दोन दिवस शोधलं, सापडेना. शेवटी ते १,८०० मी सस्पेन्स खात्याला, म्हणजे न सापडलेल्या फरकाच्या तात्पुरत्या खात्याला, टाकले आणि 'झालं' म्हणून सांगितलं. ऑफिसात एक वयस्क अकाउंटंट होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "नऊने भागून बघ." भाग गेला, २०० आले. "म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय. चेकबुकाची अर्धुकं काढ." चेक फाडल्यावर बुकात उरतात ते तुकडे. काढले. ६,८३० चा चेक मी ८,६३० लिहिला होता. दोन आकडे उलटसुलट झाले की फरकाला नऊने नेहमी भाग जातो. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमेची गोळाबेरीज, जुळत नसेल तर काका फरक निम्मा करायला लावायचे आणि तेवढ्या रकमेची एन्ट्री शोधायला सांगायचे, कारण नावेची रक्कम चुकून जमेला पडली की फरक दुप्पट येतो.

पण खरी शिकवण नऊची नव्हती. तो चेक सातपूरच्या एका छोट्या प्लेटिंगवाल्याचा होता. माझी एन्ट्री तशीच राहिली असती तर त्याच्या खात्यात आम्ही १,८०० जास्त दिल्याचं दिसलं असतं आणि पुढच्या बिलातून ते कापले गेले असते. दोन कामगारांवर चालणारं त्याचं शेड. मी 'सस्पेन्स' लिहून मोकळी झाले होते आणि भुर्दंड त्याला बसला असता. त्या दिवसापासून सस्पेन्स खातं उघडताना माझा हात अडखळतो.

आता टॅली. जरूर शीक. नाशिकमध्ये छोट्या-मध्यम उद्योगांत आणि दुकानांत टॅलीवरच काम चालतं. दोन-तीन महिन्यांत व्हाउचर, म्हणजे एकेका व्यवहाराची नोंद, टाकायला येतं. पण व्हाउचर टाकणं म्हणजे अकाउंट्स नव्हे. कोणतं खातं नावे आणि कोणतं जमा हे तुला ठरवता आलं नाही, तर टॅली तुझी चूक सुबक छापून देईल, एवढंच. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. कोणी, कधी, काय बदललं, सगळं ऑडिटरला दिसतं. आधी वहीवर कीर्द-खतावणी (रोजची नोंदवही आणि खातेवही), मग टॅली, हा क्रम सोडू नकोस. वडिलांच्या एका हंगामाचा हिशेब हाताने वहीत लिही, तेरीज जुळव आणि मगच तो टॅलीत टाक.

टॅलीइतकंच एक्सेल लागतं, आणि ते कॉलेजात पुरेसं शिकवत नाहीत. आमच्याकडे दर महिन्याच्या १४ तारखेला जी.एस.टी. पोर्टलवर जी.एस.टी.आर.-२बी येतं. त्यावरून कळतं, आपल्याला विकणाऱ्यांपैकी कुणाकुणाची बिलं तिथे आलीत. ती आपल्या खरेदीशी जुळवायची, कारण तिथे न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. आमच्या वहीत बिल नंबर ४५ आणि पोर्टलवर ००४५/२५-२६, अशा शेकडो ओळी. एक्सेलच्या व्ही-लूकअपला (दोन याद्या जुळवणाऱ्या फॉर्म्युल्याला) त्या वेगळ्याच वाटतात. तेव्हा कुठला रकाना कसा साफ करायचा हे जिला सुचतं, तिचं काम संध्याकाळपर्यंत संपतं. बाकीचे रविवारी येतात.

एस.वाय.पासून जमलं तर दुपारनंतर एखाद्या सी.ए.च्या किंवा टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात बस. पैसे फारसे मिळणार नाहीत, हे आधीच धरून चाल. मिळते ती कामाची लय. ७ तारखेला टी.डी.एस. (पैसे देताना कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जी.एस.टी.आर.-१ (विक्रीचं विवरण), १५ ला पी.एफ., २० ला ३बी (जी.एस.टी. भरायचं विवरण). आणि ३० सप्टेंबरच्या आधीचा टॅक्स ऑडिटचा महिना. त्या महिन्यात ऑफिसात पाहिलेल्या फायली वर्षभर पुरतात. परत जायची शेवटची गाडी कोणती, हे मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून ठेव. मी संकोचाने सांगितलं नव्हतं आणि कितीतरी वेळा सी.बी.एस.वर (मध्यवर्ती बसस्थानकावर) धावत गेले.

सी.ए.विषयी. बारावी झाली असल्यामुळे तू फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, आत्ताही रजिस्टर होऊ शकतेस. चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के. दुसरी वाट म्हणजे कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी काढून थेट इंटरमीजिएटला जायचं. इंटरला सहा पेपर, दोन ग्रुप. २०२३ च्या नव्या योजनेत दोन्ही ग्रुप निघाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप (सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी) आहे, आधी ती तीन वर्षांची होती. त्यानंतर फायनलचे सहा पेपर. फाउंडेशन आणि इंटरच्या परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात. माझं मत विचारशील तर फाउंडेशन आत्ताच दे. आज तुला नुसती धास्ती आहे, पेपर दिल्यावर माहिती असेल. नाही निघाली तरी त्यातलं अकाउंट्स आणि लॉ बी.कॉम.ला कामाला येतंच.

आर्टिकलशिपपर्यंत पोहोचलीस तर पहिल्याच फटक्यात पुण्या-मुंबईच्या मोठ्या फर्मच्या मागे धावू नकोस. तिथे एकाच कंपनीचा एकच तुकडा महिनोन्‌महिने हातात राहू शकतो. नाशिकच्या मध्यम ऑफिसात सकाळी कांदा व्यापारी, दुपारी पतसंस्था, संध्याकाळी अंबडचा कारखाना. शिकायला यापेक्षा बरं काय हवं?

आणि ठरवून ठेव, किती प्रयत्न करायचे ते. माझा एक ग्रुप निघाला, दुसरा तीनदा राहिला. तेव्हा इंटरच्या परीक्षेला आय.पी.सी.सी. म्हणत. पुढची दोन वर्षं मी कुणाला निकाल सांगितला नाही, लग्नकार्याला जाणं टाळलं. मग कारखान्यात नोकरी धरली, आणि तिथे लेथवरून पडणारा धातूचा चुरा पोत्यांत भरून काट्यावर चढताना पाहिला. प्रोसेस कॉस्टिंगमधला 'नॉर्मल लॉस' तो हा! एवढा चुरा पडणारच, तो धरूनच मालाची किंमत काढायची. पण एखाद्या महिन्यात पोती जास्त भरली तर ते का, हे मशीनवाल्याला जाऊन विचारायचं. मला हा विषय मनापासून आवडला. नोकरी करत सी.एम.ए. (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) केलं. त्याच्या इंटरला पदवीनंतर थेट जाता येतं आणि परीक्षा जून-डिसेंबरला असते. सातपूर, अंबड, सिन्नर असा कारखान्यांचा पट्टा हाताशी असताना नाशिकची मुलं सी.एम.ए.चा विचार इतका कमी का करतात, मला खरंच कळत नाही.

पदवीनंतर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षाही आहे. सोसायट्या आणि पतसंस्थांच्या ऑडिटकडे जायचं तर ती वाट धर. सरकारी नोकरी हवी असेल तर एम.पी.एस.सी.तून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत जाता येतं.

मराठी माध्यमाची असलीस तर घाबरू नकोस, पण एक कर. सी.ए.चा पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावा लागतो, मराठीत नाही. समजून मराठीत घे, उत्तर पहिल्या वर्षापासून इंग्रजीत लिहायची सवय लाव. आणि इन्कम टॅक्सची जुनी पुस्तकं कुणाकडून फुकट मिळाली तरी जपून वापर. १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. कलमांचे नंबर बदललेत, आणि 'प्रीव्हियस इयर' आणि 'असेसमेंट इयर'ऐवजी नुसतं 'टॅक्स इयर' आलंय.

घरच्यांना सांग, टॅली शिकतेय आणि पुढचंही करतेय, दोन्हींत भांडण नाही. या रविवारी वडिलांकडून मागच्या हंगामाच्या सगळ्या हिशेबपट्ट्या मागून घे, खत-औषधांची बिलं आणि मजुरीची डायरीही घे, आणि कीर्द लिहायला बस. तेरीज जुळली नाही तर फरक किती येतो ते मला इथेच खाली लिही. आधी नऊने भागून बघ मात्र.