‘हो, करा’ म्हटलं. शेवट बदला असं म्हटलं होतं का?

प्रश्न : मी साताऱ्याची. २०१९ साली एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती. नायिका लग्न ठरलेल्या मुलासाठी बोली, कपडे, जेवण आणि शेवटी स्वतःचं नावही बदलते. अखेरीस ती आईला फोन लावते आणि आपल्याच बोलीत बोलू लागते, तिथे कथा संपते. २०२१ मध्ये एका दिग्दर्शकांनी ‘यावर नाटक करू का’ असं विचारलं. मी मोबाइलवर ‘हो, करा, कळवत राहा’ एवढंच लिहिलं. पुढे काहीच कळलं नाही. यंदा त्याचं दोन अंकी नाटक तिकीट लावून सुरू झालंय. माझं नाव कुठेच नाही. शेवटी नायिका ‘शुद्ध’ बोलते, सासरचे टाळ्या वाजवतात आणि पडदा पडतो. दिग्दर्शक म्हणतात, विषय कुणाच्या मालकीचा नसतो. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या इंग्रजी नाटकावरून नाटकं होतातच की. माझ्या हातात काही आहे का?

उत्तर : ताई, आहे, आणि तुम्हाला वाटतं त्याहून बरंच जास्त आहे.

दिग्दर्शकांचं अर्धं म्हणणं खरं आहे. ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर. ते प्रकरणही नाटकाचंच होतं आणि नाटककार हरले होते. म्हणून ‘प्रेमापायी बदलणारी मुलगी माझी’ असा दावा करू नका. तुम्ही पाठवलेली कथा मी वाचली. मोरीत नळ मोठा सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने ती ‘पाणी, लोणी, आणि’ घोकते, तो प्रसंग मात्र तुमचा आहे. तो रंगमंचावर तसाच असेल तर विषयाची सबब टिकणार नाही. दोन जाणत्या माणसांना घेऊन प्रयोग बघा, तिकिटं जपून ठेवा आणि जुळणारे प्रसंग नि वाक्यं घरी येताच लिहून काढा.

‘पिग्मॅलियन’चा दाखला इथे लागूच होत नाही. शॉ १९५० मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्या नाटकावरचा हक्क २०१० अखेर संपला. तुम्ही हयात आहात. आणि खुद्द शॉ यांना शेवट बदललेला खपला नव्हता. १९१४ मध्ये लंडनच्या प्रयोगात हिगिन्स या भाषेच्या प्राध्यापकाचं काम करणाऱ्या नटाने शेवटी एलायझाकडे, म्हणजे तो जिला ‘शुद्ध’ बोलायला शिकवतो त्या फुलवालीकडे, फुलं टाकून प्रेमाचा शेवट सुचवला, तेव्हा ते संतापले. पुढे ती हिगिन्सशी लग्न करत नाही, हे सांगणारं टिपण त्यांनी छापील नाटकाला जोडलं.

आता तो मेसेज. तुम्हाला त्याचीच धास्ती वाटते आहे, पण मला त्यात तुमची बाजू भक्कम दिसते. कथेचं नाटक करणं हे कायद्याने रूपांतर आहे आणि तो हक्क लेखकाचा. परवानगी लेखी लागते. मोबाइलवरचा मजकूर लेखी धरला जाऊ शकतो, म्हणून समोरचे वकील तो दाखवतीलच. दाखवू देत. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार अशा व्यवहारात कोणते हक्क, किती काळ, मानधन किती हे नमूद असावं लागतं. तसं काहीच तुमच्या चार शब्दांत नाही. त्याच कलमानुसार वेगळं ठरलेलं नसेल तर दिलेला हक्क वर्षभरात न वापरल्यास तो संपतो, आणि कलम ३० अ मुळे हे परवान्यालाही, म्हणजे हक्क न विकता दिलेल्या परवानगीलाही, लागू होतं. २०२१ चा होकार घेऊन यंदा पडदा उघडला, एवढंच न्यायालयापुढे नीट मांडायचं आहे. तो मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका.

दिवाळी अंकाशी लेखी करार केला नसेल तर हक्क तुमच्याकडेच आहे. कॉपीराइटची नोंदणी केली नाही म्हणूनही काही बिघडत नाही. अंकाची प्रत पुरावा आहे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे लोक ज्याला सेन्सॉर म्हणतात त्याचं, प्रमाणपत्र दाखवून कुणी गप्प करू पाहील. त्या कागदाचा मालकीशी संबंध नाही. मंडळाकडे दिलेली संहिता मात्र गरज पडल्यास न्यायालयामार्फत मागवता येईल.

आणि शेवट. पत्रात तुम्ही मानधनाबद्दल एक ओळ लिहिलीत आणि शेवटाबद्दल दीड पान, त्यावरून दुखणं कुठे आहे ते कळलं. कलम ५७ त्यासाठीच आहे. हक्क विकून टाकले तरी लेखकाचं नाव लागलं पाहिजे, आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड त्याला थांबवता येते. हिंदी लेखिका मन्नू भंडारींनी ‘आपका बंटी’ या आपल्या कादंबरीचे चित्रपटाचे हक्क दिलेले होते, तरी १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचा हा अधिकार मान्य केला. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मात्र प्रतिष्ठेला बाधा येते हे दाखवावं लागतं. तुमची कथा ठाऊक असलेल्या वाचकांनी नाटक पाहून काय विचारलं, ते पत्रं-मेसेजसकट जमवा. ‘अहो, तुम्ही असं कसं लिहिलंत?’ असं एखादीने विचारलं असेल तर तो पुरावा फार मोलाचा.

नोटीस निर्माता आणि दिग्दर्शक या दोघांनाच द्या, कलाकारांना त्यात ओढू नका. प्रयोग थांबवा, आजवरच्या प्रयोगांचा हिशेब द्या. पुढे करायचं असेल तर लेखी करार, जाहिरातीत नाव आणि मूळ शेवट, एवढं मागा. ऐकलं नाही तर दाव्यासाठी मुंबई-पुण्याला धावायला नको; तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात तो लावता येतो. तात्पुरती मनाई मागताना उशीर नडतो. पुढच्या प्रयोगाची तारीख तुम्ही कळवलेली नाही; ती जाहीर झाली असेल तर नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या.