बीएस-६ ट्रक, तीच तक्रार पुन्हा पुन्हा: आधी जॉबकार्ड बघा

भाऊ, शोरूममधून आणली की गाडी दोन-तीन दिवस बरी चालते, मग चेक लाइट लागते आणि मांजरसुंब्याच्या घाटात लोड ओढतच नाही, हे तुमचं वाचलं आणि माझी दहाचाकी आठवली. जालन्याहून सळई भरून निघालो की अगदी हेच व्हायचं. फिल्टर, डिझेलमधलं पाणी वगैरे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडतो.

मला सगळ्यात महाग पडलं ते शोरूमचं जॉबकार्ड, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना आपली तक्रार लिहून घेतात तो कागद. मी काउंटरवर सांगायचो, लोडमध्ये पिकअप जातो, लाइट लागते. सुपरवायझर मान हलवायचा आणि तक्रारीच्या रकान्यात लिहायचा 'जनरल चेकअप'. स्कॅनर लावून बिघाडाचे कोड उडवायचे, म्हणजे पुसून टाकायचे, रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवायची, की झालं ओके. कधी धुरातला नायट्रोजन ऑक्साइड वायू मोजणारा नॉक्स सेन्सर बदलला, कधी धूर साफ करायला युरियाचं पाणी फवारणारा इंजेक्टर साफ केला. शेवटी कंपनीच्या साहेबांपर्यंत गेलो, तर म्हणाले, रेकॉर्डला ही तक्रार पुन्हा आल्याचं दिसतच नाही! वॉरंटी अशीच सरली, बँकेचा हप्ता मात्र एकदाही थांबला नाही. ज्याचं घर त्या गाडीवर चालतं, त्याची तक्रार एका ओळीत खरी लिहायला यांचं काय जातं? आजही संताप होतो.

दोष निघाला वायरिंगमध्ये. सेन्सरची वायर चेसिसच्या पट्टीला घासून सोलली होती. गाडी हादरली की सिग्नल तुटायचा आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ताकद कमी करायचा. तुमच्याकडे हेच असेल असं नाही, मी काही मेकॅनिक नाही.

पण एक ठाम सांगतो, तुमच्या शब्दांत तक्रार लिहिल्याशिवाय जॉबकार्डवर सही करू नका. कोड उडवायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा. ट्रायल भरलेल्या गाडीवरच घ्यायला लावा, स्कॅनर जोडलेला ठेवून, आणि स्वतः सोबत बसा. तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल करा.

युरियाची यंत्रणा बायपास करून, म्हणजे बंद पाडून, देणाऱ्यांच्या नादी लागू नका, वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतणारेही पाहिलेत. डीईएफमध्ये, म्हणजे गाडीसाठीच्या युरियाच्या पाण्यात, युरिया ३२.५ टक्केच असतो, पण तो वेगळा, शुद्ध असतो. सीलबंद कॅनच घ्या.

ऐकलंच नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ट्रक धंद्याचा, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं म्हणत ग्राहक आयोगात कंपनीवाले आडवे येतात. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. एकच गाडी आणि तिच्यावरच घर, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. आयोगातली तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, मुदत २ वर्षांची. तुमच्या केसमध्ये ती कधीपासून धरायची हे वकिलाला विचारा.

स्कॅनरवर आलेले कोड आणि गाडीचे किलोमीटर इथे टाका. माझी वायर कुठे घासली होती त्याचा फोटो आहे, तो देतो.