अवेळी ठोक्यानंतरचा ठोका एवढा जोरदार का असतो?

प्रश्न असा आहे: अवेळी, म्हणजे वेळेआधीच, पडलेला ठोका दुबळा आणि त्यानंतरचा जोरदार का? मधल्या विरामात हृदय जास्त भरतं, हे कारण पुरेसं आहे का? आणि ठोके वाढले की आकुंचनाचा जोरही वाढतो का?

जास्त भरणं हे अर्धंच उत्तर. हृदयस्नायूची पट्टी काढून दोन्ही टोकं घट्ट बांधली, लांबी बदलायला वावच ठेवला नाही, तरी अवेळी दिलेल्या उद्दीपनाला ती कमी ताण देते आणि पुढच्याला नेहमीपेक्षा जास्त. तिथे रक्तच नाही, तर भरणार काय? उरतं ते कॅल्शियम.

प्रत्येक ठोक्याला बाहेरून थोडं कॅल्शियम पेशीत शिरतं आणि त्याच्या इशाऱ्यावर सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममधला, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारातला, मोठा साठा सुटतो. साठ्याची दारं म्हणजे रायनोडीन रिसेप्टर. एकदा उघडल्यावर त्यांना सावरायला वेळ लागतो. ठोका लवकर आला तर ती पुरती तयार नसतात, म्हणून साठा असूनही सुटतं थोडंच. गंमत पुढे आहे. कमी सुटलं म्हणून सोडियम-कॅल्शियम विनिमयातून (सोडियम आत घेऊन कॅल्शियम पेशीबाहेर टाकणारी यंत्रणा) बाहेरही कमी फेकलं जातं, आणि बाहेरून आत येणारा प्रवाह लवकर बंद पडत नाही. म्हणजे हा दुबळा ठोका खर्चतो कमी, जमवतो जास्त. त्यानंतरच्या विरामात दारं पूर्ण सावरतात आणि फुगलेला साठा एकदम मोकळा होतो.

वेळेचा हिशेब बघा. ठोके मिनिटाला 75, म्हणजे दर 0.8 सेकंदाला एक. वेंट्रिकलमधला (हृदयाच्या खालच्या कप्प्यातला) अवेळी ठोका 0.5 सेकंदालाच पडला, तर पुढचा नियमित ठोका साधारण 1.1 सेकंदानंतर येतो. दोन्ही मिळून 1.6, दोन चक्रांइतके. छातीत 'धप्प' जाणवतं ते बहुधा या नंतरच्या ठोक्याचं.

आता ठोक्यांचा वेग. शरीरक्रियाशास्त्रज्ञ बाउडिचनं 1871 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं की थांबलेल्या स्नायूला ठरावीक अंतरानं उद्दीपन देत गेलं की पहिली काही आकुंचनं पायऱ्यांसारखी चढत जातात. कारण तेच: मिनिटाला जास्त वेळा कॅल्शियम आत येतं, बाहेर काढायला वेळ कमी मिळतो, शिवाय पेशीत सोडियम साचल्यानं बाहेर काढणंही मंदावतं. निरोगी माणसाच्या पट्टीत हा चढ मिनिटाला दीडशेच्या पुढेही टिकतो. निकामी होत चाललेल्या हृदयात मात्र कॅल्शियम परत साठ्यात ओढणारा सर्का पंप कमी पडतो. तिथे वेग वाढवला की जोर वाढत नाही, उलट घटतो. उंदीर-घुशींच्या वेग-जोर आलेखातही बऱ्याचदा उतार दिसतो, तेव्हा त्यांचे निष्कर्ष माणसाला सरसकट लावू नका.

जोर वाढला म्हणजे पंपिंग वाढलंच असंही नाही. मिनिटाला 75 ठोक्यांना प्रसरणाला (हृदय सैल होऊन भरण्याला) सुमारे 0.53 सेकंद मिळतात, 200 ला जेमतेम 0.14. भरायलाच वेळ नसेल तर जोर लावून बाहेर काय जाणार?

मोजमापात हे नेमकं नडतं. एक सोडून एक ठोका अवेळी असेल, तर दुबळा ठोका कधी कधी महाधमनीची झडपसुद्धा उघडत नाही. ईसीजीवर 80 आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरवर 40 दिसतात. यंत्र बिघडलेलं नसतं, ते नाडी मोजत असतं. घाबरून जाण्याआधी मनगटावर हात ठेवून ईसीजीशी ताडून पाहा. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) अवेळी ठोक्यानंतरच्या ठोक्यावर इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या रक्तापैकी बाहेर गेलेला वाटा, मोजलं तर आकडा फुगतो, झडपेवरचा दाबफरकही. तो ठोका सोडून द्या; एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (ठोके पूर्ण अनियमित पडणाऱ्या विकारात) तर अनेक ठोक्यांची सरासरीच घ्यावी लागते.

हाच 'बिघाड' एक आजार ओळखायला उपयोगी पडतो. महाधमनीची झडप अरुंद असेल तर विरामानंतरच्या ठोक्याला धमनीतला नाडीदाब (वरच्या आणि खालच्या रक्तदाबातला फरक) वाढतो. हायपरट्रॉफिक ऑब्स्ट्रक्टिव्ह कार्डिओमायोपथीमध्ये, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताची वाट अडवणाऱ्या आजारात, मात्र जोराच्या आकुंचनानं बाहेर जाण्याची वाटच आणखी आवळली जाते. वेंट्रिकलमधला दाब चढतो, पण धमनीतला नाडीदाब वाढत नाही किंवा चक्क घटतो. ब्रॉकनब्रो, ब्राउनवॉल्ड आणि मॉरो यांनी 1961 मध्ये नोंदवलेली ही खूण कॅथेटर तपासणीत आजही पाहिली जाते.