दुय्यम लीगमध्ये खेळून पोट भरते का?

प्रश्न : आमचा मुलगा वीस वर्षांचा असून सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उंची सहा फूट पाच इंच. शिवाजी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून तो दोन वर्षे खेळतो आहे. पदवी अर्धवट सोडून परदेशात व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचे त्याने ठरवले आहे. एनबीए, म्हणजे अमेरिकेतील सर्वांत वरची व्यावसायिक लीग, मिळाली नाही तरी तिच्या खालच्या लीगमध्ये चांगले पैसे मिळतात, असे तो म्हणतो. एका एजंटाने निवडचाचणीसाठी पाच लाख रुपये मागितले आहेत. आम्ही काय करावे?
– एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : एजंटाचा मुद्दा तातडीचा आहे, म्हणून तो आधी घेतो. हे पाच लाख रुपये कृपा करून देऊ नका. एनबीएच्या खालच्या लीगमधील क्लब स्वतःच खुल्या निवडचाचण्या घेतात आणि त्यांचे शुल्क बेताचे असते. जोनाथन सिमन्स नावाच्या खेळाडूने 2013 मध्ये 150 डॉलर भरून अशीच एक चाचणी दिली, टेक्सासमधील ऑस्टिनच्या संघात जागा मिळवली आणि 2015 पासून तो एनबीएच्या सॅन अँटोनियो संघातून खेळला. खेळाडूला करार मिळवून दिल्यावर त्या करारातील ठराविक टक्का घेणे, हे एजंटाचे काम. जो आधी पैसे मागतो, त्याचा नफा आपल्या मुलाच्या खेळावर अवलंबून राहत नाही. त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, म्हणजे फिबाचा, परवाना आहे का, एवढे विचारून पाहा.

आता मुलाच्या म्हणण्याकडे वळतो. ज्या लीगविषयी तो बोलतो तिचे आजचे नाव 'जी लीग' असे आहे. ती 2001 मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली आणि 2024-25 च्या हंगामात तिच्यात 31 संघ होते. एनबीएच्या प्रत्येक संघाचा आता तिथे आपापला संघ आहे. 2018-19 पासून तेथील साध्या करारावर पाच महिन्यांच्या हंगामाचे 35,000 डॉलर मिळू लागले आणि पुढे त्यात थोडी भर पडली. हंगामात राहण्याची सोय आणि आरोग्यविमा मिळतो. रुपयांत मोजले तर रक्कम मोठी वाटते हे मला मान्य आहे, पण ती अमेरिकेतील खर्चाला पुरवायची असते आणि उरलेल्या सात महिन्यांचा पगार नसतो. त्यामुळे हंगाम संपला की पुष्कळ खेळाडू प्युएर्तो रिको, फिलिपिन्स अशा ठिकाणचे छोटे करार शोधत फिरतात. दुखापत झाली किंवा वरच्या एनबीए संघाकडून दुसरा कोणी पाठवला गेला, तर हंगामाच्या मध्यावरही संघातील जागा जाऊ शकते.

या लीगमधून वर जाण्याच्या वाटा अरुंद असल्या तरी खऱ्या आहेत. एक वाट एनबीए संघाशी होणाऱ्या दहा दिवसांच्या कराराची आहे. दुसरी 2017-18 पासून सुरू झालेल्या दुहेरी कराराची. त्यात खेळाडू एनबीएचा संघ आणि त्याचा जी लीगमधील संघ या दोन्हींत ये-जा करतो आणि एनबीएच्या जास्तीत जास्त 50 सामन्यांसाठी संघात राहू शकतो. 2023-24 पासून प्रत्येक संघाला असे तीन खेळाडू ठेवता येतात. अ‍ॅलेक्स करुसो याच लीगमधून वर गेला आणि 2020 मध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्स या एनबीए संघाने विजेतेपद मिळवले तेव्हा त्या संघात होता. तरीही या आयुष्याची कल्पना यावी म्हणून मी मुलांना नेहमी आंद्रे इंग्रमची हकीकत सांगतो. दहा हंगाम तो खालच्या लीगमध्येच खेळला आणि संसाराला हातभार म्हणून गणिताच्या शिकवण्याही घेत राहिला. 10 एप्रिल 2018 रोजी, हंगामाचे दोनच सामने उरले असताना, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी लेकर्सने त्याला प्रथम मैदानात उतरवले आणि त्याने 19 गुण केले. आपल्या मुलाला त्या रात्रीविषयी विचारू नका. आधीच्या दहा वर्षांविषयी विचारा. ती रात्र कधी आलीच नसती तरी ती वर्षे त्याला जगाविशी वाटली असती का? उत्तर मनापासून 'हो' असेल, तर मुलगा या पेशाचा आहे.

आपल्याकडची उदाहरणेही त्याला ठाऊक असावीत. पंजाबातील बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच उंचीचा सतनामसिंग 2015 मध्ये एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) बावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला. तो मान मिळवणारा तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. टेक्सास लेजेंड्स या दुय्यम लीगच्या संघात तो दोन हंगाम राहिला आणि तिथेही त्याला मैदानावर फार थोडा वेळ मिळाला. पुढे उत्तेजक चाचणीत हायजेनामाइन हे द्रव्य सापडल्याने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि त्यानंतर तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला. हायजेनामाइन व्यायामशाळांत विकल्या जाणाऱ्या काही पूरक पावडरींत असते, म्हणून मुलगा असे काही घेत असेल तर त्या डब्यावरचे घटक आजच वाचून घ्या.

सतनामच्या उंचीलाही तिथे जागा मिळाली नाही, यावरून मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. दुय्यम लीगमध्ये खेळाडूला एखादे नेमके काम उत्तम येते म्हणून ठेवतात. इंग्रमचे काम लांबून टोपलीत चेंडू टाकण्याचे होते. आपल्या जिल्ह्यांत सहा फूट पाच इंचाचा मुलगा दिसला की आम्ही शिक्षक त्याला रिंगखाली उभा करतो, कारण तसे केले की जिल्ह्याचे सामने जिंकता येतात. अमेरिकेत मात्र त्याच उंचीचे खेळाडू चेंडू घेऊन पळतात आणि लांबून मारतात. ही चूक मी स्वतः केली आहे. साताऱ्यात शिकवत असताना एका उंच मुलाला मी चार वर्षे रिंगखाली ठेवले. राज्याच्या निवडचाचणीत त्याला डाव्या हाताने ड्रिबल करायला सांगितले, तेव्हा तो जागच्या जागी थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी अजून विसरलेलो नाही. आपल्या मुलाने फिबाच्या 6.75 मीटरच्या रेषेबाहेरून रोज शंभर फेकी मारून किती पडतात ते वहीत लिहावे. सहा महिन्यांची ती वही कोणत्याही एजंटापेक्षा खरे बोलेल.

पदवी मात्र सोडू देऊ नका. माझ्या मते आपल्या देशाने खेळाडूला दिलेली एक गोष्ट अमेरिकेतील दुय्यम लीगच्या खेळाडूला मिळत नाही, ती म्हणजे नोकरीसह खेळ. रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी यांचे संघ हीच आपली खरी व्यावसायिक लीग आहे. खेळ थांबला तरी तिथली नोकरी थांबत नाही. ओएनजीसीकडून खेळणाऱ्या विशेष भृगुवंशी नावाच्या खेळाडूला 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडच्या संघाने करारबद्ध केले. तिथे त्याला सामना खेळता आला नाही, पण परत आल्यावर उभे राहायला त्याला जागा होती. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, म्हणून मुलाची सगळी प्रमाणपत्रे आताच एका फाइलीत लावा. देशातील खासगी लीगवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. 2015 मध्ये सुरू झालेली यूबीए दोन-तीन वर्षांत बंद पडली. 2025 मध्ये सहा संघांची आयएनबीएल प्रो खेळली गेली आणि ती टिकावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण तिच्या भरवशावर बी.कॉम. सोडू नये.

पदवीनंतर दोन वर्षांची मुदत घालून मुलाला जरूर प्रयत्न करू द्या. परदेशी करार आलाच, तर वाद झाल्यास तो जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाकडे जाईल असे कलम त्यात असल्याची खात्री करा. लहान क्लबांकडे पगार थकण्याचे प्रसंग नेहमीचे असतात आणि त्या कलमावाचून खेळाडूला दाद मागणे फार अवघड जाते. भारतीय महासंघाचे ना-हरकत पत्रही लागेल, त्याची चौकशी वेळेत करा.

प्रश्न : मी साताऱ्यात बारावीला आहे आणि राज्यस्तरावर खेळले आहे. मुलींसाठीही अशी दुय्यम लीग आहे का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : अमेरिकेत मुलांच्या जी लीगसारखी मुलींची लीग नाही. 2025 च्या हंगामात तेथील डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे महिलांच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, 13 संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त 12 खेळाडू. म्हणजे साऱ्या जगातील मुलींसाठी दीडशेच्या आसपास जागा. त्यामुळे तिथे जागा न मिळालेल्या मुली युरोप आणि ऑस्ट्रेलियातील क्लबांकडे जातात.

आपण गीतू अण्णा जोसची वाटचाल पाहावी. केरळची ही सहा फूट दोन इंचाची खेळाडू दक्षिण रेल्वेत नोकरीला होती. 2006 ते 2008 या काळात ती मेलबर्नजवळच्या रिंगवुड क्लबकडून तेथील राज्य पातळीवरील लीगमध्ये खेळली. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक खेळणारी ती पहिली भारतीय महिला. 2011 मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी तिची चाचणी घेतली. निवड झाली नाही, तेव्हा ती परतून रेल्वेकडून आणि भारताकडून खेळत राहिली, आणि 2014 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मला हे अपयश वाटत नाही. आपल्या देशातील मुलीने दुय्यम लीगचा उपयोग कसा करावा याचा हा सर्वांत चांगला नमुना आहे.

महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचे वर्चस्व दीर्घकाळ आहे आणि त्यांची क्रीडा कोट्यातील भरती आपल्यासाठी सर्वांत जवळची वाट आहे. बारावीनंतर सराव सोडू नका. शिवाजी विद्यापीठाच्या संघात जागा मिळवा, कारण आंतरविद्यापीठ स्पर्धेत मुली निवडणाऱ्यांच्या नजरेस येतात. आपण कोणत्या जागी खेळता आणि रोज किती वेळ सराव होतो, हे पत्रात लिहिलेले नाही. ते कळवलेत तर सरावाचे वेळापत्रक पुढच्या अंकात देईन.