नाणी तीन, रुपये बारा

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. शंभरापर्यंत घडाघडा म्हणते. पण हातावर पाचची दोन आणि दोनचं एक नाणं ठेवलं की ‘तीन रुपये’ म्हणते. पाचपेक्षा दोनचं नाणं मोठं म्हणून तेच मागते. घरात सगळे मोबाइलवरून पैसे देतात, सुट्टे फारसे हाताळलेच जात नाहीत. धाकटा दीड वर्षाचा आहे, त्यामुळे वेळही कमी. बाई, हिला कसं शिकवू?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, लेकीवर रागावू नका. आपण शिकवलं तेच ती करतेय. एका वस्तूवर बोट ठेव आणि एक अंक म्हण, असं वर्षभर आपणच सांगितलं. तिनं तीन वस्तू मोजल्या, तीन म्हणाली. दिसायला एक आणि मोजायला पाच, अशी वस्तू तिच्यासमोर पहिल्यांदाच आली आहे. मिरज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षं पहिलीला शिकवलं. दर वर्षी मुलं इथंच अडायची.

दोनचं नाणं मोठं, हेही तिचं खरं आहे. २०११ च्या मालिकेतलं दोनचं नाणं २५ मिलिमीटरचं, पाचचं २३. २०१९ च्या मालिकेत मात्र क्रम नीट लागलाय : एक २०, दोन २३, पाच २५, दहा २७. तुमच्या डब्यात सगळी सरमिसळ असणार, म्हणून ‘मोठं नाणं म्हणजे जास्त पैसे’ असं चुकूनही सांगू नका. अंक वाचायला लावा. दहाचं दुरंगी, वीसचं बाराकोनी, हे ती आपसूक शिकेल. स्टीलची हस्तमुद्रेची जुनी नाणी सापडली तर जपून ठेवा. रुपयावर वर केलेला अंगठा आहे, दोनवर दोन बोटं. वाचता न येणाऱ्या पोरालाही ती कळतात.

आता चिंचोके काढा. पाटावर पाचचं नाणं ठेवा, त्याखाली तिच्याच हातानं पाच चिंचोके मांडू द्या. शेजारी दोनचं, खाली दोन. माझ्या वर्गातली एक मुलगी ते पाचही चिंचोके नाण्याखाली झाकायला बघत होती. एक झाकला की दुसरा बाहेर यायचा. बराच वेळ खटपट केली, मग नाणं मुठीत घेऊन म्हणाली, “बाई, हे सगळे ह्याच्या पोटात हायत.” त्यानंतर वर्गात आम्ही तोच शब्द धरला. पाचच्या पोटात पाच, दोनच्या पोटात दोन.

आठवडाभर एवढंच करा. मग चिंचोके बाजूला ठेवून, बेरजेला म्हणतो तसं म्हणा : मोठी संख्या मनात, लहान बोटांवर. पाच मनात, पुढं सहा, सात. दोन पाच असले की पाच, दहा, मग अकरा, बारा. जास्त किमतीचं नाणं आधी मांडायची सवय लावा, पुढचं सोपं जातं.

प्लास्टिकची खेळण्यातली नाणी आणू नका. खरं नाणं द्या, त्याचं वजन हाताला कळू दे. आणि दुकानात न्या. दहा रुपयांचं भडंग तिनं मागायचं, पैसे तिनं मोजून द्यायचे. एक दिवस दोन पाच द्या, दुसऱ्या दिवशी एक पाच, दोन दोन आणि एक रुपया. दुकानदाराला आधी सांगून ठेवा, म्हणजे तो घाई करणार नाही. कुणी दहाचं नाणं चालत नाही म्हणालं तर गप्प बसू नका. दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. लेकीनं मोजून दिलेलं नाणं तिच्यादेखत खोटं ठरू देऊ नका.

धाकट्याला मात्र जपा. त्या वयात नाणं काय, चिंचोका काय, तोंडात जायला क्षण पुरतो. खेळ संपला की सगळं डब्यात भरून उंचावर ठेवा, आणि भरताना किती नाणी आत गेली ते लेकीलाच मोजू द्या.