मेंदूच्या चित्रातील लाल ठिपके नेमके काय सांगतात?

प्रश्न : माणूस एखादे चित्र पाहत असताना त्याच्या मेंदूचा कोणता भाग काम करतो, हे एमआरआय यंत्रावर लाल-पिवळ्या रंगांत दिसते, असे वाचले. त्यावरून तो काय पाहतो आहे, हेही ओळखता येते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काही प्रमाणात ओळखता येते; मात्र हे ठिपके म्हणजे चेतापेशींचे छायाचित्र नव्हे. पेशी काम करू लागल्या की त्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असल्यामुळे यंत्राला हा बदल टिपता येतो. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे तत्त्व मांडले. रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात, आणि रंग तर संगणक मागाहून भरतो.

एकेक पेशी काय करते, हे कळले ते सूक्ष्म इलेक्ट्रोडमुळे, म्हणजे पेशीचे विद्युत्स्पंद टिपणाऱ्या बारीक तारेमुळे. १९५८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन व्हीझल हे शास्त्रज्ञ भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूतील दृष्टिकेंद्रातल्या पेशींचे विद्युत्स्पंद ध्वनिक्षेपकावर ऐकत होते. काळा ठिपका असलेली काच मांजराच्या डोळ्यात प्रकाश टाकणाऱ्या उपकरणात घालून तो ठिपका कितीही फिरवला, तरी पेशी दाद देईना. काच सरकवताना मात्र अचानक तडतडाट सुरू झाला. ठिपक्याचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता. काचेच्या कडेची पुसट सावली एका विशिष्ट कोनात सरकली, की ती पेशी जागी होत होती. दृष्टीच्या अभ्यासातला इतका सुंदर क्षण मला दुसरा आठवत नाही. या संशोधनाबद्दल दोघांना १९८१ चे नोबेल मिळाले.

आता अडचण अशी, की वेगवेगळ्या कोनांना प्रतिसाद देणारे पेशीसमूह मिलिमीटरभरातही बदलत जातात, तर नेहमीच्या स्कॅनमधला एकच ठिपका दोन-तीन मिलिमीटरांचा असतो आणि त्यात लाखो पेशी एकत्र मोजल्या जातात. तरीही २००५ मध्ये युकियासू कामितानी आणि फ्रँक टाँग या शास्त्रज्ञांनी अनेक ठिपक्यांमधले किंचित फरक एकत्र जुळवून, समोरच्या रेषा कोणत्या दिशेला कललेल्या आहेत, हे ओळखून दाखवले. त्यासाठी त्याच व्यक्तीला त्या रेषा आधी वारंवार दाखवून संगणकाला शिकवावे लागले होते. म्हणूनच अशा प्रयोगांना ‘मन वाचणारे यंत्र’ म्हणणे मला दिशाभूल करणारे वाटते. त्यांच्या प्रयोगातील खरी नवलाई पुढे आहे : एकमेकींना छेदणाऱ्या दोन प्रकारच्या रेषा एकाच वेळी दाखवून फक्त एकीकडे लक्ष द्यायला सांगितले, तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष कोणत्या रेषांकडे आहे, हेही स्कॅनवरून ओळखता आले.